बाड कुणाच्या हाती?

सातबाऱ्याचे मूळ शोधत मागे जावे, तर वाट इंदापूर तालुक्यात येऊन पोहोचते. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने पुणे जिल्ह्यात नवा सारा बसवला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जमिनी मोजल्या, शेताशेताचे निव्वळ उत्पन्न काढले आणि त्यातला ५५ टक्के वाटा सरकारचा ठरवला. हिशेब कागदावर नेटका होता, रानात तो कोसळला. मोजणीत चुका होत्या, खालच्या कारकुनांचे हात ओले झाले होते, त्यात धान्याचे भाव पडले. इंदापूरसारख्या बेभरवशाच्या पावसाच्या मुलखात गावे ओस पडू लागली आणि कुळे उठून निजामाच्या हद्दीत गेली. तेव्हा १८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड या तरुण असिस्टंट कलेक्टरला सरकारने याच तालुक्यात धाडले. लेफ्टनंट जॉर्ज विंगेट आणि लेफ्टनंट नॅश त्याच्या जोडीला आले. १८३६ मध्ये त्यांनी इंदापुरात लावलेला बंदोबस्त तीस वर्षांसाठी होता. त्याच धर्तीवरची पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याभर पक्की झाली.

त्यांनी केले ते असे. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या रानाचा एक सर्व्हे नंबर धरला. तेहतीस फुटी साखळीने त्याचे माप घेतले. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बांधावर दगड रोवले. मातीची खोली आणि जात पाहून प्रत ठरवली, प्रतीवरून आकार, म्हणजे सारा, ठरवला. त्याआधी गावाचा हिशेब म्हणजे एक अखंड बाड होते. ते कुलकर्ण्याच्या दप्तरात, रुमालात बांधलेले असे. पाटील-कुलकर्णी गावाच्या वतीने सरकारशी बोलत आणि सरकारच्या वतीने गावाशी. एका कुणब्याला आपल्या शेताचे काय लिहिले आहे ते पाहायचे, तर रुमाल सोडणाऱ्याची मर्जी लागे. इंदापूरच्या पद्धतीने प्रत्येक शेताला स्वतःची ओळ दिली, आणि ती ओळ शेजाऱ्याच्या शेतापासून वेगळी काढता येऊ लागली.

ही सुधारणा होती यात मला शंका नाही. ओस पडलेल्या गावांत माणसे परत आली. पण बाड फोडण्याचे काम सरकारने सरकारच्या गरजेसाठी केले होते, आणि फोडलेली पानेही सरकारच्याच कपाटात राहिली. रयतेच्या हाती आला तो आकाराचा आकडा. तिची दुसरी कागदपत्रे, म्हणजे कर्जाची खते, तिसऱ्याच कुणाच्या तिजोरीत होती.

त्याचा परिणाम शेजारच्याच मुलखात दिसला. आज बारामती तालुक्यात असलेले आणि त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडणारे सुपे, तारीख १२ मे १८७५. बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांकडे मोर्चा वळवला. मागणी एकच होती: खते द्या, चोपड्या द्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले, आणि चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनला एक गोष्ट ठळकपणे दिसली. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे माणसांना फारसा धक्का लागला नाही. जमावाला कागद हवे होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत आखूड केली होती, म्हणून सावकार दर थोड्या वर्षांनी जुने खत फिरवून व्याजासह नवे लिहून घेत. वाचता न येणारा शेतकरी खाली नांगराची निशाणी करी. आपण कशावर निशाणी केली, हे त्याला पुढे कोर्टाच्या बेलिफाकडून कळे. इंदापूरच्या बंदोबस्तात प्रत्येक शेत वेगळे काढता येऊ लागले होते, म्हणून ते वेगळे जप्तही करता येऊ लागले होते. पान सुटे झाले, पण ते कुणाच्या हाती पडेल यावर शेतकऱ्याचा ताबा नव्हता.

१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा हे या आगीला सरकारने दिलेले उत्तर. त्यात व्याजाची उलटतपासणी होती हे सगळ्यांना आठवते. माझ्या मते त्यातली दुसरी तरतूद अधिक दूरदृष्टीची होती. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, त्याला वाचून दाखवावे, आणि देण्या-घेण्याच्या हिशेबाची प्रत मागण्याचा त्याला हक्क असावा. कागद ज्याच्याविषयी आहे त्याच्या हातात त्याची प्रत असलीच पाहिजे, हे तत्त्व आपल्या भागात एवढ्या स्पष्टपणे कायद्यात आले ते सुप्याच्या त्या बाजारानंतर.

पुढे १९०८ च्या नोंदणी कायद्याने आणखी एक पायरी गाठली, आणि तिची आठवण आज मुद्दाम करून द्यावीशी वाटते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतल्या सगळ्या वह्या सारख्या उघड्या नाहीत. स्थावर मिळकतीच्या दस्तांची पहिली वही आणि तिची सूची कुणालाही पाहता येते, कारण जमीन घेणाऱ्याला मागचा बोजा कळला पाहिजे. मृत्युपत्रांची तिसरी वही तशी उघडी नाही. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. इतर दस्तांच्या चौथ्या वहीतली नक्कल त्या दस्ताशी संबंध असलेल्यालाच. आणि ज्याला सबंध खरेदीखत नको, नुसता व्यवहाराचा गोषवारा हवा, त्याच्यासाठी सूची क्रमांक दोन आहे. आजही लोक ‘इंडेक्स टू काढून आण’ असे म्हणतात ते याच कागदाला. तीस-चाळीस पानांच्या दस्तातून कामापुरते एक पान देण्याची ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

भूमी अभिलेख खात्याकडे तर वेगळे काढण्याचे आख्खे शास्त्र आहे. भावाभावांत वाटणी झाली की मोजणीदार पोटहिस्से पाडतो, फाळणी बारा तयार होतो, आकारफोड होते, कमी-जास्त पत्रक म्हणजे कजाप लिहिले जाते. सगळ्या पोटहिश्श्यांचे क्षेत्र आणि आकार मिळून मूळ नंबराशी जुळला पाहिजे, गुंठाभरही इकडेतिकडे चालत नाही. मग गाव नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, हरकतीची नोटीस निघते, आणि मंजुरीनंतर प्रत्येक पोटहिश्श्याचा वेगळा सातबारा सुरू होतो. कुठून काय वेगळे झाले याचा माग शेवटपर्यंत काढता येतो. कागदाचे तुकडे करताना एवढी काळजी घेणाऱ्या राज्याने संगणकाच्या फाइलच्या बाबतीत मात्र लोकांना वाऱ्यावर सोडले आहे.

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात हे जास्त जाणवते, कारण हे गावच कागदांच्या थरांवर उभे आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात या पट्ट्यात आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळरानावर ऊस लावला, १९३० च्या दशकात साखर कारखाना काढला, आणि कारखान्याभोवती वसलेल्या गावाला त्यांचेच नाव मिळाले. नीरेच्या, प्रवरेच्या, गोदावरीच्या खोऱ्यांत खासगी कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या होत्या. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या, आणि १९६३ मध्ये त्या कसण्यासाठी महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. ज्याने जमीन खंडाने दिली होती तो मूळ मालक यात कुठेच राहिला नाही. खंडकरी शेतकऱ्यांनी पुढची कित्येक दशके मोर्चे काढले, कोर्ट केले, आणि कायद्यात दुरुस्ती होऊन अखेर जमीन परत देण्याचे काम सुरू झाले. ते सगळे कागदांवर चालले. आजोबांनी केलेले खंडपत्र, मोडीतले जुने फेरफार, वारसाच्या नोंदी, कमाल धारणेचे (सीलिंगचे) आदेश, कुणाचा मृत्यूचा दाखला, कुणाचे हक्कसोडपत्र. खंडकऱ्याच्या वारसाच्या घरात लोखंडी पेटीत असलेले ते बाड आता स्कॅन होऊन एका पीडीएफ फाइलमध्ये आले आहे, आणि ती फाइल त्याच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

इथे खऱ्या प्रश्नाला हात घालायचा. ही सबंध फाइल वकिलाला लागते. बँकेला त्यातली तीन पाने लागतात. सोसायटीला एक. योजनेच्या पोर्टलला एकच, आणि तेही ठरवून दिलेल्या इतक्या-इतक्या केबींच्या आत. मग माणूस काय करतो? नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. ‘दादा, यातलं बारावं पान काढून द्या.’ दुकानदार म्हणतो, ‘व्हॉट्सॲपला टाका.’ सबंध फाइल दुकानाच्या नंबरावर जाते. तिथून ती दुकानाच्या संगणकावर उतरते, संगणकावरून एखाद्या फुकटच्या संकेतस्थळावर चढते. ते संकेतस्थळ कुठल्या देशातले, कुणाचे, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. बारावे पान घेऊन गिऱ्हाईक घरी जाते. उरलेली पाने तीन ठिकाणी राहून जातात. दुकानदाराचा यात काही डाव नसतो. तो दिवसाला शंभर माणसांची कामे उरकत असतो, आणि त्याला दुसरी रीत कुणी शिकवलेली नसते.

त्या पानांत काय असते, याचाही विचार करावा. खरेदीखतात पॅन, आधार, फोटो, अंगठ्याचे ठसे, बँकेचे खाते, व्यवहाराची रक्कम. वारसाच्या कागदात घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, नाते. कामगाराच्या भविष्यनिधीच्या कागदात पगार आणि नोकरीची वर्षे. कुणाची खोटी सही करायची, कुणाच्या नावावर सिमकार्ड किंवा कर्ज काढायचे, तर एका माणसाविषयीची एवढी माहिती एका जागी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

धोका कल्पनेतला नाही. ‘कॅमस्कॅनर’ हे गावोगाव कागद स्कॅन करायला वापरले जाणारे ॲप २९ जून २०२० रोजी केंद्राने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपांच्या यादीत होते. त्या आधीच्या वर्षांत किती सातबारे, किती गुणपत्रिका त्यातून गेल्या असतील! मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना सूचना केली की, आधारची नक्कल कुणालाही देऊ नका, आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड’ आधार द्या, सायबर कॅफेच्या संगणकावर ई-आधार उतरवलेत तर ते पुसून टाका. गैरसमज होईल म्हणून ही सूचना दोनच दिवसांत मागे घेण्यात आली. मला तो सल्ला तेव्हाही योग्य वाटला होता, आजही वाटतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकटच्या फाइल-रूपांतर संकेतस्थळांविषयी इशारा दिला. मागितलेले काम ती करून देतात, पण त्यांतली काही सोबत व्हायरस पाठवतात आणि दिलेल्या फाइलमधली ओळखीची माहिती खरवडून घेतात.

आता पीडीएफकडे वळू. १९९१ मध्ये ॲडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक यांनी ‘कॅमेलॉट’ नावाचा एक मसुदा लिहिला. कुठल्याही संगणकावर, कुठल्याही छपाईयंत्रावर कागद जसाच्या तसा दिसावा, एवढीच त्यामागची कल्पना. १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आली, २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. आतून पाहिले तर ही फाइल म्हणजे क्रमांक दिलेल्या वस्तूंचा संच असतो. मजकूर एक वस्तू, टंक दुसरी, चित्र तिसरी, पान चौथी. शेवटी एक तक्ता असतो, कुठली वस्तू फाइलमध्ये कितव्या जागी आहे ते सांगणारा. पाने एका झाडासारख्या रचनेत लटकवलेली असतात. बारावे पान वेगळे काढायचे म्हणजे त्या पानाची वस्तू घ्यायची, तिला लागणारे टंक आणि चित्रे घ्यायची, त्यांना नवे क्रमांक द्यायचे, नवा तक्ता लिहायचा. यासाठी मोठा संगणक लागत नाही, इंटरनेट लागत नाही, कुणाचा सर्व्हर लागत नाही.

तरी संकेतस्थळांवर पंधरा-वीस वर्षे हे काम सर्व्हरवरच होत राहिले, कारण ब्राउझरला ते येत नव्हते. ब्राउझर हा तोवर दुसऱ्याने पाठवलेले पान दाखवणारा होता. २०११ च्या सुमारास मोझिलाने पीडीएफ.जेएस आणले आणि ब्राउझर स्वतःच पीडीएफ उलगडून वाचू लागला. २०१७ पर्यंत वेबअसेम्ब्ली सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आली आणि जड कामेही तिथे वेगाने होऊ लागली. परिणाम असा की, आज काही संकेतस्थळे नुसती आज्ञावली (प्रोग्रॅम) तुमच्या फोनवर पाठवतात. फाइल तुमच्याच फोनच्या स्मृतीत उघडते, तिथेच कापली जाते आणि तिथेच साठवली जाते. बाहेरून येते ती आज्ञावली, बाहेर जात नाही काहीच.

दोनशे वर्षांच्या या इतिहासात हे पहिल्यांदाच घडते आहे, म्हणून मी त्याला एवढे महत्त्व देतो. कुलकर्ण्याच्या रुमालातून पान काढायला रुमाल त्याच्याच हाती हवा होता. सर्व्हेच्या कपाटातून नक्कल काढायला कचेरीत अर्ज हवा होता. सावकाराच्या चोपडीतले पान पाहायला तर दंगल करावी लागली. झेरॉक्सच्या दुकानात मूळ बाड काचेवर ठेवावे लागले. एक पान वेगळे करण्यासाठी प्रत्येक वेळी सबंध बाड दुसऱ्याच्या हाती जात होते. आता ते जाण्याचे कारण उरलेले नाही.

पण संकेतस्थळाने ‘तुमची फाइल आमच्याकडे येत नाही’ असे लिहिले म्हणून विश्वास ठेवू नये, कारण तसे लिहायला काहीच खर्च येत नाही. पारखायची सोपी रीत आहे. पान पूर्ण उघडू द्यावे, मग फोनचे इंटरनेट बंद करावे आणि आधी एखाद्या निरुपद्रवी फाइलवर काम करून पाहावे. पान कापून हाती आले तर कापणारा तुमचाच फोन आहे. अडले, तर फाइल कुठेतरी चढवली जात असण्याची शक्यता मोठी. खरी फाइल कापतानाही इंटरनेट बंदच ठेवावे आणि काम संपल्यावर ते पान बंद करूनच चालू करावे.

आणि खरे तर वेगळ्या संकेतस्थळाचीही गरज नाही. संगणकावरच्या ब्राउझरात पीडीएफ उघडावी, प्रिंटची आज्ञा द्यावी, छपाईयंत्राच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडावे, पानांच्या रकान्यात १२ लिहावे. झाले. बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनमध्येही प्रिंटच्या वाटेने हेच करता येते. इंदापूरच्या किंवा बारामतीच्या कुठल्याही दुकानात आज असलेल्या संगणकावर हे जमते, त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही.

काही खाचखळगे मात्र ठाऊक असले पाहिजेत. पीडीएफमध्ये बदल केला की बऱ्याचदा जुने न पुसता नवे शेवटी जोडले जाते. म्हणजे ‘पान काढून टाकले’ असे दिसते, आणि फाइलच्या पोटात ते तसेच असते. म्हणून नको ती पाने पुसण्याऐवजी हवे ते पान नव्या फाइलमध्ये घ्यावे, आणि नव्या फाइलचे आकारमान पाहावे. चाळीस पानांची फाइल आठ एमबी होती आणि एका पानाचीही आठ एमबीच निघाली, तर बाकीची पाने आत लपून आलेली असण्याची शक्यता मोठी. दुसरे म्हणजे काळी पट्टी. आधार क्रमांकावर काळा चौकोन ओढला तरी खालचा मजकूर तिथेच राहू शकतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदात असेच झाले. काळ्या पट्टीखालची वाक्ये पत्रकारांनी नुसती उचलून दुसरीकडे चिकटवली आणि वाचली. तिसरी गोष्ट दुकानाच्या संगणकाची. काम ब्राउझरात झाले तरी फाइल ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. ती पुसावी, रिसायकल बिनमधूनही पुसावी, व्हॉट्सॲपच्या संभाषणातूनही पुसायला सांगावी. सांगायला संकोच वाटू देऊ नये. कागद आपला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. सातबारा तर कुणीही पाहू शकतो, मग खासगीपणा कसला? सातबारा उघडा असलाच पाहिजे. महाराष्ट्रात अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत आणि ते घरबसल्या पाहता येतात, ही मोठी लोकोपयोगी गोष्ट आहे. संगणकीकरणानंतर गावोगाव चावडी वाचन झाले, त्यात कित्येक चुका लोकांनीच पकडल्या. चावडीवर वाचलेला उतारा म्हणजे गावाने गावावर ठेवलेली नजर. पण चावडीवर कुणी कुणाचे मृत्युपत्र वाचून दाखवत नव्हते, आणि कुणाच्या बँकेचे पासबुकही नाही. नोंदणी कायद्याने १९०८ मध्येच हा फरक ओळखून उघडी वही वेगळी आणि बंद वही वेगळी ठेवली. सबंध फाइल एकगठ्ठा पाठवण्याच्या आजच्या सवयीने त्या दोन्ही वह्या पुन्हा एकाच रुमालात बांधल्या आहेत. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. टर्नरला त्याच्या भागाचे ड्रॉइंग मिळते, सबंध यंत्राचे नाही. इस्रोच्या अग्निबाणांची मोटर केसिंग बनवणाऱ्या वालचंदनगरात तरी कागद कामापुरता द्यायचा असतो ही समज नवी म्हणता येणार नाही.

दोष सगळा नागरिकाच्या माथी मारणे मात्र मला मान्य नाही. तो सबंध फाइल देतो, कारण त्याच्याकडे सबंध फाइल मागितली जाते. ‘सर्व कागदपत्रांची एकत्रित पीडीएफ जोडा’ ही ओळ अर्जाअर्जावर दिसते. तपासणाऱ्याला एका क्लिकवर सगळे मिळावे एवढेच तिचे कारण असते. बँकेला बोजा पाहायचा असेल तर सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना पुरे. योजनेला क्षेत्र पाहायचे असेल तर आठ-अ पुरे. मालकी कशी आली हे पाहायचे असेल तर तो एक फेरफार किंवा सूची क्रमांक दोन पुरे.

आणि सही. इथे सरकारनेच सोडवायची एक गाठ आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तलाठ्याच्या शिक्क्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत. या सोयीने लोकांचे किती दिवस वाचले ते इंदापूरच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावे. पण डिजिटल सही सबंध फाइलवर असते. आतला एकही अंश बदलला नाही याची ती ग्वाही देते. त्यामुळे सही केलेल्या लांब आदेशातले एक पान वेगळे काढले की त्या पानावर सहीचे चित्र दिसते, सही उरलेली नसते. तपासणाऱ्याने ती पडताळायला घेतली तर सापडणार नाही किंवा अवैध येईल. म्हणजे कामापुरते पान द्यायला निघालेल्या नागरिकाला सही पुन्हा सबंध फाइल द्यायला भाग पाडते. सातबारा एक-दोन पानांचा असल्याने तिथे हे टोचत नाही. शेती महामंडळाच्या जमिनीविषयीचे आदेश, कोर्टाचे निकाल, मोजणीच्या नकला, नोंदवलेले दस्त लांबलचक असतात, आणि त्यांत चार-चार कुटुंबांची माहिती एकत्र असते. उपाय अवघड नाही. मूळ आदेश एक असू द्यावा, पण ज्याच्यापुरता जो भाग आहे त्याचा वेगळा, वेगळ्या सहीचा आणि वेगळ्या पडताळणी क्रमांकाचा उतारा पोर्टलवरूनच मिळावा. फाळणी बारा आणि कजाप सांभाळणाऱ्या खात्याला मूळ दस्त आणि त्यातून निघालेला भाग यांचा माग कसा ठेवायचा हे शिकवायला नको.

दुसरे काम त्याहून लहान आहे. पाने कापण्याचे, जोडण्याचे, आकारमान कमी करण्याचे, खालचा मजकूर खरोखर पुसून काळी पट्टी ओढण्याचे एक मराठी साधन राज्य सरकारने स्वतः द्यावे. ब्राउझरात चालणारे, इंटरनेट बंद असतानाही चालणारे, ज्याची संहिता कुणालाही तपासता येईल असे. लागणारी सामग्री जगभरातल्या लोकांनी मुक्तपणे देऊन ठेवलेली आहे. ते ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांच्या प्रत्येक संगणकावर असावे, आणि केंद्र चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात एक तास त्यासाठी असावा.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने म्हटले की, संमती घेऊनही माहिती त्या कामाला लागेल तेवढीच घ्यावी. सरकारी यंत्रणांना त्या कायद्यात बऱ्याच सवलती आहेत, हे खरे. बँकांना आणि खासगी कंपन्यांना तशा त्या नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. ही मुदत संपण्याची वाट न पाहता तहसील कचेरीने, सोसायट्यांनी, बँकांच्या शाखांनी आणि साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांनी आपापल्या अर्जांबरोबरच्या यादीवर लाल पेन्सिल फिरवावी. प्रत्येक कागदापुढे तो कशासाठी हवा आणि त्यातले कुठले पान हवे, हे लिहावे. ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही, तो कागद यादीतून काढून टाकावा. ‘सर्व कागदपत्रांची एकत्रित पीडीएफ’ ही ओळ सर्वांत आधी.